लाइक, फीड, फॉरवर्ड : माध्यमाच्या रचनेने माणसांची रीत बदलते, हे मोजून कसं दाखवायचं?

कोरी_पाटी :

'डिजिटल माध्यमांनी समाज बदलला' हे वाक्य निबंधात खपून जातं. नेमकं कशाने बदलला, असं विचारलं की उत्तर 'अल्गोरिदम' या एका शब्दावर येऊन अडतं आणि पुढे सगळे गप्प.

समाजशास्त्राच्या पदवी वर्गातल्या सहा जणांना आठ आठवड्यांचा प्रकल्प करायचा आहे. हाताशी फोन, दोन लॅपटॉप आणि स्प्रेडशीट. प्रोग्रामिंग येणारा एकच. माध्यमाच्या रचनेतली एखादी बारीक गोष्ट घ्यायची, म्हणजे शब्दमर्यादा, एखादं बटण, यादीचा क्रम वगैरे, आणि तिच्यामुळे वागण्यात पडलेला फरक आकड्यांत दाखवायचा, असा बेत आहे. 'दिवसात किती वेळ फोन बघता' छापाची प्रश्नावली नको. त्याची खरी उत्तरं कुणालाच ठाऊक नसतात, देणाऱ्यालाही. विषय कसा निवडावा, मोजावं कसं आणि फसगत कुठे होते, हे जाणकारांनी सांगावं.

चौकट_बिकट :

अल्गोरिदम हा शब्द आधी फळ्यावरून पुसा. त्या जागी दोन प्रश्न लिहा. हे माध्यम मोजतं काय? आणि किती करू देतं? लोकांच्या सवयी बदलतात त्या बहुतेक या दोन फटींतून. प्रकल्पाच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे हे मोजमाप किंवा ही मर्यादा बदलल्याची तारीख. तारीख मिळाली की 'आधी' आणि 'नंतर' असे दोन ढीग आपोआप पडतात.

सर्वात स्वच्छ उदाहरण एसएमएसचं. एका संदेशात १४० बाइट मजकूर मावतो, म्हणजे ११२० बिट. रोमन अक्षराला ७ बिट लागतात, म्हणून मर्यादा १६०. देवनागरीचं एक जरी अक्षर आलं तरी अख्खा संदेश १६ बिटांच्या संकेतनात जातो आणि मर्यादा ७०वर येते. संदेश लांबला तर तुकडे जोडण्याच्या माहितीत प्रत्येकी ६ बाइट जातात. मग प्रत्येक तुकड्यात रोमनची १५३ आणि देवनागरीची ६७ चिन्हंच मावतात. त्यात आपली जोडाक्षरं. 'प्रश्न' दिसायला दोन अक्षरं, पण यंत्राच्या हिशेबी सहा : प, हलन्त, र, श, हलन्त, न. रोमनमध्ये तोच शब्द सात चिन्हांचा, पण तिथे कोटा १६०चा. म्हणजे एका संदेशात रोमनमधून २२ वेळा 'प्रश्न' मावतो आणि देवनागरीतून ११ वेळा. रोमन लिपीत मराठी टंकायची सवय लोकांच्या आळसाने लागली असं म्हणणाऱ्यांना हा हिशेब दाखवावा. कीबोर्ड आणि फॉन्टची अडचण होतीच, पण पाकिटाचा, म्हणजे एका संदेशात मावणाऱ्या मजकुराचा, आकारही होता.

ट्विटरची १४०ची मर्यादा याच पाकिटातून आली : १६०पैकी २० चिन्हं नावासाठी राखली, उरली १४०. नोव्हेंबर २०१७मध्ये ती २८० झाली. इथे 'आधी-नंतर' सुरेख दिसतं. कंपनीने दिलेल्या आकड्यांनुसार पूर्वी ९ टक्के इंग्रजी ट्वीट मर्यादेला टेकत होते, नंतर १ टक्का. गंमत पुढे आहे. जागा दुप्पट झाली म्हणून लोक लांबलचक लिहू लागले का? नाही. सर्वाधिक आढळणारी लांबी आधी ३४ चिन्हं होती, नंतर ३३. बदललं ते दुसरंच : 'ग्रेट'ऐवजी 'जीआर८' (gr8) असं तोडून लिहिणं ३६ टक्क्यांनी घटलं आणि 'प्लीज' ५४ टक्क्यांनी वाढलं. जागेच्या टंचाईत आधी शिष्टाचार कापला जात होता आणि जागा मिळताच तो परत आला. तुम्हाला हवी तशी साखळी हीच : मर्यादा, तडजोड, भाषेतली खूण.

मोजमापाच्या बाजूने बघायचं तर फेसबुक घ्या. फेब्रुवारी २०१६मध्ये लाइकच्या जोडीला प्रेम, हसू, राग वगैरे चिन्हं आली. २०१७पासून फीडचा क्रम लावताना अशा प्रत्येक चिन्हाचं वजन पाच लाइकइतकं धरलं जात होतं, रागाचंही. संतापजनक मजकूर लिहिणाऱ्याला हे सूत्र ठाऊक असायची गरज नव्हती. कोणती पोस्ट दूर जाते हे दिसत होतं, आणि माणूस चालतं त्याचीच नक्कल करतो. सप्टेंबर २०२०मध्ये रागाचं वजन शून्य केलं गेलं. २०२१मध्ये बाहेर आलेल्या अंतर्गत कागदपत्रांनुसार त्यानंतर लोकांसमोर येणारी चुकीची माहिती कमी झाली, आणि वापर मात्र घटला नाही.

यूट्यूबने २०१२मध्ये शिफारशींसाठी क्लिकऐवजी पाहण्याचा वेळ धरायला सुरुवात केली. जुलै २०२०मध्ये मध्येच जाहिरात घालण्यासाठी लागणारी किमान लांबी १० मिनिटांवरून ८ मिनिटांवर आणली. दुसरी तारीख विद्यार्थ्यांना सोपी आहे. एखाद्या विषयातल्या नियमित ३० वाहिन्या घ्या, तारखेच्या आधीच्या आणि नंतरच्या बारा महिन्यांतल्या व्हिडिओंची लांबी उतरवा, आणि अर्ध्या मिनिटाचे कप्पे करून स्तंभालेख काढा. ८ आणि १०च्या लगेच पुढे उंचवटा सरकलेला दिसतो का ते बघा. सरासरी काढू नका. दोन तासांची एखादी थेट मुलाखत सगळी सरासरी खेचून नेते.

मोजपट्टी :

वरचं तारखांचं काम बिनखर्चाचं आहे, त्यानेच सुरुवात करावी. पण गटाला हाताने प्रयोगही करायचा असेल तर यूट्यूबवर 'क्लिक मोठा की पाहण्याचा वेळ' हा प्रश्न घ्या. पद्धत सविस्तर देतो, कारण बहुतेक विद्यार्थी-प्रकल्प नियंत्रण खात्यापाशी, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या खात्यापाशी, कोसळतात.

एक नवं खातं आणि एक जुनं खातं घेऊन 'बघा, किती वेगळं दिसतं' म्हणणं निरर्थक. चार नवी खाती लागतील : अ१, अ२, ब१, ब२. चौघांना स्वतंत्र ब्राउझर प्रोफाइल. भाषा, प्रदेश आणि नेटवर्क मात्र एकच. नव्या खात्याचं मुखपृष्ठ जवळजवळ रिकामं असू शकतं, म्हणून पहिल्या दिवशी चारही खात्यांवर तेच दहा व्हिडिओ, त्याच क्रमाने, पूर्ण पाहा. दुसऱ्या दिवसापासून एकच फरक. ठरवलेल्या विषयाचे रोज पाच व्हिडिओ चारही खात्यांवर उघडायचे. 'अ' जोडीने २० सेकंदांत बंद करायचे, 'ब' जोडीने शेवटपर्यंत चालवायचे. क्लिक सारखे, वेळ वेगळा. रोज ठरलेल्या वेळी मुखपृष्ठावरची पहिली ४० शीर्षकं उतरवायची. दहा दिवसांत १६०० नोंदी होतात. सहा जणांना हे झेपतं.

आता जुळी खाती कशासाठी? अ१ आणि अ२ला हुबेहूब सारखं वागवूनही त्यांची मुखपृष्ठं सारखी येत नाहीत. सतत चालणाऱ्या चाचण्या, नवे व्हिडिओ, निव्वळ योगायोग असं बरंच काही त्यात असतं. ही खरखर मोजावी लागते. दोन्ही याद्यांतल्या समान शीर्षकांना एकूण वेगळ्या शीर्षकांनी भागा. ४० आणि ४०मध्ये १० समान असतील तर एकूण वेगळी ७०, भागाकार ०.१४. जुळ्यांमध्येच ०.१४ येत असेल आणि अ-ब यांच्यात ०.१२, तर तुमच्या हाती काहीही लागलेलं नाही. हे प्रामाणिकपणे लिहिलं तरी प्रकल्प चांगला होतो. जुळ्यांमध्ये ०.४० आणि अ-ब यांच्यात ०.१२ असेल, तर मात्र बोलायला जागा आहे.

शीर्षकं 'विषयाशी संबंधित' आहेत की नाही हे दोघांनी स्वतंत्रपणे ठरवायचं, आणि कोणतं शीर्षक कोणत्या खात्यातलं हे त्यांना कळता कामा नये. खात्याचा स्तंभ लपवून, ओळी फेटून त्यांच्या हाती द्या. मग दोघांचं किती जुळलं ते तपासा. नुसती टक्केवारी फसवी असते. समजा १००पैकी ८४ ठिकाणी एकमत झालं आणि दोघांनीही आपापल्या परीने प्रत्येकी ३० ठिकाणी 'हो' म्हटलं. डोळे मिटून खुणा केल्या तरी ०.३ × ०.३ अधिक ०.७ × ०.७, म्हणजे ०.५८ एवढं एकमत होणारच होतं. खरं एकमत (०.८४ - ०.५८) ÷ (१ - ०.५८) = ०.६२. हा कोहेनचा 'कॅपा' (κ), म्हणजे योगायोग वजा जाता उरलेल्या एकमताचं माप. तो ०.६च्या खाली गेला तर व्याख्या सैल आहे. चर्चा करून व्याख्या घट्ट करा आणि सगळं पुन्हा तपासा. फक्त वादाच्या ओळी दुरुस्त करणं ही चोरी आहे.

हमखास बिघडणाऱ्या गोष्टी : ऑटोप्ले सुरू राहतो आणि 'अ' खातं रात्रभर स्वतःच व्हिडिओ बघत बसतं. माउस थंबनेलवर रेंगाळला की झलक आपोआप चालू होते आणि तिची पाहिलेल्यांत नोंद होऊ शकते. सेटिंगमधून ती बंद करा. जाहिरातीचे सेकंद वीस सेकंदांत धरले जातात. घड्याळ मूळ व्हिडिओ सुरू झाल्यावर लावा. आणि कुणीतरी हमखास ब२वर स्वतःचं गाणं लावतो. त्या दिवसाच्या नोंदी टाकून द्या, 'एकदाच तर झालं' म्हणून ठेवू नका.

माध्यमाच्या अटी आधी वाचा. काही ठिकाणी एका माणसाला एकच वैयक्तिक खातं चालतं, आणि आपोआप माहिती ओरपणाऱ्या स्क्रिप्टला बहुतेकांची मनाई असते. हाताने उतरवणं संथ आहे, पण त्यात ही भानगड येत नाही.

उलटतपासणी :

दोन्ही प्रतिसाद चांगले आहेत, पण एक खुंटी मारून ठेवतो, नाहीतर गट सगळं खापर क्रम लावणाऱ्या यंत्रावर फोडेल.

साल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांचा २००६चा प्रयोग बघा. १४,३४१ सहभागी, अनोळखी वाद्यवृंदांची ४८ गाणी. एका गटाला नुसती गाणी दिली. इतरांना आठ वेगवेगळ्या 'जगांत' वाटलं, आणि प्रत्येक जगात तिथल्या डाउनलोडचा आकडा दिसत होता. वैयक्तिक शिफारस नाही, जाहिरात नाही, नुसता आकडा. तेवढ्याने लोकप्रिय गाणी अधिक लोकप्रिय झाली, आणि आठ जगांत विजेते वेगळे निघाले. आकडा न दिसणाऱ्या गटात २६वं आलेलं एक गाणं एका जगात पहिलं, तर दुसऱ्यात ४०वं. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फार वाईट वर आली नाहीत. मधल्यांचं मात्र काहीही होऊ शकत होतं. म्हणजे 'दहा लाख व्ह्यूज' हे तीन शब्दांचं लेबलही रचनाच आहे, आणि बऱ्याचदा तेच पुरतं.

उलट बाजूचा पुरावा : २०२०च्या अमेरिकी निवडणुकीच्या काळात फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या हजारो वापरकर्त्यांना तीन महिने कालानुक्रमे फीड दाखवली गेली. निष्कर्ष २०२३मध्ये आले. लोकांनी तिथे घालवलेला वेळ घटला, राजकीय आणि अविश्वसनीय मजकूर वाढला, फेसबुकवर शिवराळ मजकूर कमी झाला. पण राजकीय ध्रुवीकरणात मोजण्याजोगा फरक पडला नाही. काय दिसतं ते बदललं, माणसं काय मानतात ते तीन महिन्यांत हललं नाही. शिवाय २०२४मध्ये याच अभ्यासावर आक्षेप आला की त्या काळात कंपनीने नेहमीच्या फीडवरही आणीबाणीचे उपाय लावले होते, म्हणजे तुलनेचा गटच जागेवर नव्हता. मोजपट्टी म्हणतात ती जुळ्या खात्यांची काळजी मोठमोठ्यांनाही चुकत नाही.

तारखांच्या पद्धतीलाही सापळा आहे. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजल्याशिवाय ते ऐकल्याची गणती होत नाही, 'म्हणून गाण्यांची सुरुवातीची धून आखूड झाली', हे वाक्य सगळीकडे फिरतं. अमेरिकेतल्या पहिल्या दहात आलेल्या गाण्यांच्या एका अभ्यासात धून वीसहून जास्त सेकंदांवरून पाचावर आलेली दिसते खरी, पण तो अभ्यास १९८६ ते २०१५चा. स्पॉटिफाय सुरू झालं २००८ला. त्यातली बावीस वर्षं कुणाच्या नावावर टाकणार? रेडिओ, रिमोट, सीडीवरचं पुढे-ढकल बटण हे सगळे संशयित आहेत. तेव्हा तारखेच्या आधीच्या किमान दोन-तीन वर्षांची रेघही काढा. ती आधीपासूनच उतरत असेल तर श्रेय वाटून द्यावं लागेल.

कोरी_पाटी :

तिघांचे आभार. व्हिडिओंच्या लांबीचं काम नक्की घेतो. गटातल्या दोघांना व्हॉट्सॲपवरच्या फॉरवर्डवर काम करायचं आहे. चॅट एक्स्पोर्ट करून फॉरवर्ड मोजता येतील का? आणि मर्यादा आल्याने फरक पडला हे दाखवता येईल का?

पाचवी_कडी :

एक्स्पोर्टमधून नाही. मजकुराच्या फाइलमध्ये 'फॉरवर्डेड' ही खूण उतरतच नाही, नुसती तारीख, नाव आणि मजकूर येतो. हे न कळता कामाला लागलात तर तीन आठवडे वाया. खूण हवी असेल तर पडद्यावर बघून हाताने नोंद करावी लागेल.

आधी यंत्रणा समजून घ्या. जुलै २०१८मध्ये फॉरवर्ड केलेल्या संदेशाला लेबल आलं. जानेवारी २०१९मध्ये एका वेळी पाच चॅटची मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल २०२०पासून दुहेरी बाण असलेला संदेश एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. त्यानंतर असे संदेश ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं. दुहेरी बाण म्हणजे 'खूप लोकांनी पाठवलेला' असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. पहिल्या माणसापासून तुमच्यापर्यंत साखळीत पाच किंवा अधिक कड्या झाल्या, एवढाच त्याचा अर्थ. मोजली जाते ती खोली, रुंदी नव्हे. एका माणसाने एक हजार जणांना थेट पाठवलेल्या संदेशाला दुहेरी बाण येत नाही.

हिशेब करून बघा : प्रत्येकाने पाच नव्या चॅटला पाठवलं तर पाचव्या कडीला ३१२५ चॅट होतात. तिथून पुढे एकेकालाच पाठवता आलं तर पाचपट वाढ थांबते. आलेख वर उडण्याऐवजी आडवा चालू लागतो. कंपनीला मजकूर वाचता येत नाही. कड्यांची मोजणी संदेशासोबत, कूटबद्ध होऊन, जाते. म्हणून पळवाटही सोपी आहे. मजकूर कॉपी करून चिकटवला किंवा स्क्रीनशॉट पाठवला की तो नवा संदेश, मोजणी शून्यापासून.

तुमचा प्रकल्प मला या पळवाटेतच दिसतो. २०१९च्या आधीचा फॉरवर्डचा आकडा आता तुमच्या हाती येणार नाही, तेव्हा 'मर्यादेमुळे घट' दाखवायच्या फंदात पडू नका; कंपनीचा आकडा द्या आणि पुढे चला. त्याऐवजी बघा की मर्यादेला लोकांनी कशी बगल दिली. पाच-सहा गट निवडा, सदस्यांची लेखी संमती घ्या, चार आठवडे रोज नोंदी करा. प्रत्येक संदेशाला एक ओळ : गटाचा क्रमांक, वेळ, प्रकार (मजकूर, चित्र, व्हिडिओ, ध्वनी), लेबल (नाही, एक बाण, दुहेरी), आणि 'लेबल नाही, पण मजकूर बाहेरचा' अशी खूण. ही शेवटची खूण ठरवण्यासाठी संदेशातलं एखादं वेगळं वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधयंत्रात टाका, किंवा तोच मजकूर दुसऱ्या गटात आलाय का ते बघा. शेवटी 'तुम्हीही दहा जणांना पाठवा', 'जसं आलं तसं' अशी शेपटी असेल तर ती वेगळ्या स्तंभात लिहा. बटणाने लेबल लावायच्या आधीपासून लोक हे लेबल हाताने लावत होते, आणि ही शेपटी कॉपी करतानाही टिकते. चित्रांच्या बाबतीत कडेने आलेली फोनची पट्टी, बॅटरीची खूण, अर्धवट कापलेलं नाव यावरून स्क्रीनशॉट ओळखता येतो.

एक्स्पोर्ट फाइल एवढ्यासाठीच वापरा : एकूण संदेशांची संख्या आणि वेळा. तिथेही तीन खड्डे आहेत. एका संदेशात नवी ओळ असली की फाइलमध्ये तो अनेक ओळींत फुटतो, म्हणून तारखेने सुरू होणारी ओळ म्हणजे नवा संदेश असा नियम लावा. तारखेचा साचा फोनच्या भाषेवर ठरतो. एकाच्या फाइलमधली ३ एप्रिल दुसऱ्याच्या फाइलमध्ये ४ मार्च होऊन बसते. आणि नावं फोनमध्ये जशी जतन केली आहेत तशी येतात, म्हणून फाइल कुणाकडे पाठवायच्या आधीच नावांच्या जागी स१, स२ घाला, नंतर नको. मजकुराच्या पोटातली नावं आणि फोन नंबर हाताने काढावे लागतात. त्याला दर गटामागे एक संध्याकाळ धरा.

मोजपट्टी :

पाचवी_कडी यांच्या यादीत एक स्तंभ वाढवा : नोंद करणाऱ्याचं आद्याक्षर. चार आठवड्यांनी 'लेबल नाही, पण बाहेरचा' यांचं प्रमाण एका गटात ४० टक्के आणि दुसऱ्यात १० टक्के निघालं, तर पहिली शंका गटावर नाही, नोंद करणाऱ्यावर घ्यायची. दर आठवड्याला माणसं आणि गट यांची अदलाबदल करा, म्हणजे हा घोळ आपोआप सुटतो.

उलटतपासणी :

आणि संमती घेतल्यावर लगेच मोजायला लागू नका. आपल्याकडे कुणी बघतंय म्हटल्यावर पहिले काही दिवस सगळेच 'सुप्रभात'सुद्धा जपून पाठवतात. पहिला आठवडा नोंदवा, पण हिशेबात धरू नका; दुसऱ्यापासून चौथ्यापर्यंत धरा.